थोर माणसाचे कान

३ फेब्रुवारी

थोर माणूस आज सकाळी सव्वादहाला आला. बरोबर दोन बॅगा, औषधांचा डबा आणि त्याचा तो पांढरा हत्ती. लिफ्टमध्ये हत्ती आणि माहूत मावले, बॅगा मावल्या नाहीत. त्या मी जिन्याने वर आणल्या. माझं वय एकाहत्तर. त्याचं अडुसष्ट.

हा माझा धाकटा भाऊ. चेलो वाजवतो, म्हणजे वाजवायचा. चेलो म्हणजे व्हायोलिनचा आडदांड थोरला भाऊ. हत्ती तो हाच. दोन गुडघ्यांत धरून, खालचा लोखंडी दांडा जमिनीत रोवून, तारांवर गज ओढत बसावं लागतं. चाळीस वर्षं देशोदेशीच्या लोकांनी उभं राहून याला टाळ्या दिल्या. दोन वर्षांपूर्वी माझी भावजय गेली. ती त्याच्याबरोबर पियानो वाजवायची. ती गेली आणि साहेबांनी वाजवणं सोडलं. ‘दुःखाने गज खाली ठेवला’ असं वर्तमानपत्रांनी छापलं. माझे यजमान गेले तेव्हा मी आठवड्याने शाळेत जाऊन नववीला वर्तुळाचं प्रमेय शिकवलं. ते कुणी छापलं नाही.

भाचीचा फोन आला होता. “आत्या, बाबांना थोडे दिवस ठेवून घेशील? त्यांनी दुसऱ्यांदा किटली जाळली.” शिट्टीची किटली. बिचारी शिट्ट्या मारून मारून मेली आणि हा शेजारच्या खोलीत पुस्तक वाचत बसलेला. थोरांचं लक्ष नसतं म्हणे. मग ज्यांना ज्यांना मी ‘लक्ष कुठे आहे’ म्हणून बाकावर उभं केलं, ती सगळी कार्टी थोर निघायला हवी होती.

शाळेत पस्तीस वर्षं रोजची टिपणवही भरली. निवृत्त झाले तशी ती सवय सोडली. आजपासून पुन्हा लिहिते आहे, कारण घरात एक साक्षीदार असलेला बरा.

६ फेब्रुवारी

चहा घेणार का, असं दोनदा विचारलं. उत्तर नाही. तिसऱ्यांदा समोर जाऊन उभी राहिले, तर म्हणाला, “हो, ऊन छान आहे.”

अभ्यासिकेच्या कोपऱ्यात माझं वह्यांचं कपाट होतं, ते सरकवून तिथे हत्ती बसवलाय. उघडतसुद्धा नाही. रोज सकाळी पेटीवरून फडकं फिरवतो आणि खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघतो. विचारमग्न दिसतो. विचार बहुधा दुपारच्या जेवणाचा असावा.

१० फेब्रुवारी

तळमजल्यावर दातांचा डॉक्टर राहतो. पन्नाशीचा गोलमटोल माणूस. लिफ्टच्या दाराशी त्याने आमच्या साहेबांना ओळखलं आणि लोटांगण घालायचंच बाकी ठेवलं. त्याच्याकडे आठ वर्षांपासून चेलो आहे. शिक्षक नाही, ध्वनिमुद्रणं ऐकून शिकतो. घरात डुक्कर पाळावं आणि त्याला पुस्तकात बघून पोहायला शिकवावं, तसलं हे. साहेब त्याला शिकवायला तयार झाले. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, चार वाजता, माझ्या घरात.

का हो म्हणालास, असं विचारलं. म्हणाला, “तो काय बोलत होता ते नीट कळलं नाही. मान हलवली.”

म्हणजे हे असं. जगप्रसिद्ध माणसाची पहिली शिकवणी अशी ठरली.

आज पहिला दिवस. मी स्वयंपाकघरात दार लावून बसले. दार काय उपयोगाचं. ज्या हातांनी दिवसभर लोकांच्या दाढा उपटतो, त्याच हातांनी संध्याकाळी तारा उपटतो, आणि लाकडी पेटीला बधिर करण्याचं इंजेक्शन नसतं.

१७ फेब्रुवारी

आज एक गोष्ट घडली. मला ती आवडलेली नाही.

दातवाला एक सोपी धून वाजवत होता. तिसऱ्या सुराला बोट दरवेळी केसभर मागे पडत होतं. केसभर म्हणजे माझ्या मापाने. त्याच्या मापाने त्यात एक बैलगाडी गेली असती. पाच वेळा वाजवलं, पाचही वेळा उतरलेलं. आणि थोर माणूस दर वेळी, “छान. पुढे.”

सहाव्या वेळी मला राहवेना. हातात सुरी होती, तशीच दारात गेले आणि म्हटलं, “उतरलाय! तिसरा सूर उतरलाय, बोट पुढे घ्या.” दातवाला दचकला, बोट पुढे घेतलं आणि सूर लागला. त्याचा चेहरा बल्ब लागल्यासारखा झाला.

मी भावाकडे बघत होते. तो दातवाल्याच्या चेहऱ्याकडे बघत होता. चेहरा उजळलेला दिसल्यावर म्हणाला, “हां, आता बरोबर.”

पस्तीस वर्षं मुलं तपासली आहेत मी. शेजारच्याच्या वहीत बघून उत्तर लिहिणारा मुलगा मला पाठीमागूनसुद्धा कळतो.

१८ फेब्रुवारी

सकाळी तो आंघोळीला गेला तेव्हा चेलोची एक तार मुद्दाम जराशी ढिली करून ठेवली. तो आला. मी तार छेडली आणि विचारलं, “ही बरोबर लागली आहे का?”

त्याने हातातला टॉवेल खुर्चीवर टाकला. मग खाली बसला आणि म्हणाला, “कुठला सूर सांगू, ताई? मला दोन ऐकू येतात.”

मग सगळं बाहेर आलं. उजव्या कानात एक सूर येतो, डाव्या कानात तोच सूर थोडा खाली. सहा वर्षं झाली. किटलीची शिट्टी, दाराची घंटा, असले वरचे आवाज तर येतच नाहीत. कानातलं यंत्र आणलं होतं, ते खणात पडलंय; ते लावलं की दोन्ही सूर मोठ्याने ऐकू येतात, एवढाच फरक. शेवटची चार वर्षं कार्यक्रम कसे केले, असं विचारलं. भावजयीला माहीत होतं. पियानोवर बसून ती डावा खांदा जरा खाली घ्यायची. म्हणजे हा उतरलाय. वर घेतला की चढलाय. लोक म्हणायचे, नवरा-बायको वाजवताना कसे एकमेकांकडे बघतात. डोळ्यांत पाणी यायचं म्हणे लोकांच्या.

मी म्हटलं, “म्हणजे बायको गेली म्हणून नाही, कान गेले म्हणून सोडलंस.”

“ताई, ते दोन वेगळे नव्हते,” तो म्हणाला.

असली वाक्यं तो मुलाखती देऊन देऊन शिकलाय. मी उठून भाजी चिरायला घेतली. भाजी जरा जास्तच बारीक चिरली गेली.

२४ फेब्रुवारी

संगीत महाविद्यालयाचं पत्र. जिथे तो शिकला तिथूनच. २८ मार्चला जाहीर शिकवणी घ्यावी अशी विनंती: मंचावर एकामागून एक तीन विद्यार्थी वाजवणार, हा त्यांना शिकवणार आणि चारशे माणसं खुर्च्यांत बसून बघणार. मी नववीला त्रिकोणमिती शिकवायचे तेव्हा चारशे माणसं बोलावल्याचं आठवत नाही. शिकवणं ही चार भिंतींतली गोष्ट आहे. एखाद्याची चूक चारचौघांत काढायची आणि वर टाळ्या घ्यायच्या, याला माझ्या शाळेत वेगळं नाव होतं.

साहेबांना जायचंय. आणि मला पहिल्या रांगेत बसवायचंय.

“तुला ऐकू येतं,” तो म्हणाला. “माझ्याहून चांगलं येतं. तेव्हाही यायचं.”

मी सांगितलं, मी कुणाचा डावा खांदा नाही.

त्या ‘तेव्हा’बद्दल लिहून ठेवते, म्हणजे पुढे गोंधळ नको. आमचे वडील नाटकगृहाच्या वाद्यवृंदात चेलो वाजवायचे. घरात वाद्य एक, मुलं दोन. आम्ही दोघं एकाआड एक दिवस शिकायचो. मी चौदा वर्षांची असताना चेलो त्याच्याकडे गेला आणि माझ्याकडे कंपासपेटी आली. का, ते ज्याने त्याने समजून घ्यावं. त्या काळात मुलगा तो मुलगा. मला वाईट वाटलं नाही. भूमितीत निदान बेसूर कुणी करत नाही.

२७ फेब्रुवारी

हो म्हटलं. त्याच्यासाठी नव्हे. तो एकटा गेला तर तिथे फजिती होणार आणि आडनाव माझंही तेच होतं एके काळी.

खूण माझ्या चष्म्याची. चष्मा नाकावर वर ढकलला तर सूर चढलाय. खाली ओढला तर उतरलाय. हात मांडीवर म्हणजे बरोबर आहे. त्याने विचारलं, “आणि छान असेल तर?” मी म्हटलं, छानला खूण नाही.

६ मार्च

तालमीसाठी दातवाला बरा सापडलाय. चुकांचं कोठार. त्याने गज ओढला की माझा चष्मा लिफ्टसारखा वर-खाली. त्या बिचाऱ्याला वाटतं, माझ्या नाकाला काहीतरी विकार आहे. आज जाताना हळूच म्हणाला, ओळखीचा डॉक्टर आहे.

पण एक गोष्ट लिहायला हवी. साक्षीदाराने निवडून लिहायचं नसतं.

दातवाला गज तारेवर घासत होता, दगडावर कोयता घासावा तसा. आमच्या साहेबांनी त्याला थांबवलं आणि विचारलं, पेशंटला तोंड उघडायला सांगता तेव्हा तुम्ही जबडा धरून ओढता का? तो म्हणाला, छे, मी थांबतो, तो स्वतः उघडतो. “मग तारेलाही थांबा,” हा म्हणाला. “हाताचं वजन ठेवा आणि थांबा. ती स्वतः उघडेल.”

दातवाल्याने हात ठेवला. थांबला. आणि त्या खोक्यातून जो आवाज आला, तो त्याच्या बापजन्मी आला नसेल. मी खिडकी लावायला उठले होते, ती तशीच धरून उभी राहिले.

नंतर भाऊ त्याला स्वतःच्या गुरूंबद्दल सांगत होता. म्हातारी बाई, आपल्या काळात फार मोठी वाजवणारी. तिने शिष्यांसमोर कधी गज हातात धरला नाही. मी वाजवलं तर तुम्ही माझी नक्कल कराल, म्हणायची, आणि जगात माझी एकच पुरे. चार महिने तिने त्याच्याकडून नुसत्या मोकळ्या तारा वाजवून घेतल्या. ती खोलीत पाठमोरी बसायची, रस्त्याकडे तोंड करून, आणि पाठमोरीच सांगायची, तुझा अंगठा आवळलाय.

दातवाला गहिवरला. त्याला गहिवरायला फारसं लागत नाही.

पस्तीस वर्षांत मी ‘तारेलाही थांबा’सारखं एखादं वाक्य कुठल्या मुलाला सांगितलं का, ते आठवून बघत होते. मी म्हणायचे, ‘चूक. पुन्हा कर.’ ते मला बऱ्याच वेळा म्हटलेलं आठवतं.

११ मार्च

तो दुपारी फिरायला गेला. मी चेलोची धूळ पुसली. आतून-बाहेरून पुसायची तर पेटीतून काढावा लागतो. दांडाही बाहेर काढावा लागतो. गज तारेवर घसरू नये म्हणून त्याला राळ लावावी लागते. सगळं मिळून पाऊण तास लागला.

डाव्या हाताच्या बोटांची टोकं दुखताहेत. फडकं जाडंभरडं होतं.

१२ मार्च

नाश्त्याच्या वेळी म्हणाला, “दांडा दोन बोटं जास्त बाहेर होता. तुझ्या उंचीला लावल्यासारखा.”

मी सांगितलं, धूळ पुसत होते.

“मग राळ तुझ्या बाहीवर कशी?”

मी म्हटलं, ऐकू येत नाही तर डोळे तरी बंद ठेव. त्यावर माणसाने गप्प बसावं की नाही? सत्तावन्न वर्षं ज्यावर बोललो नाही ते त्याने बटर लावता लावता काढलं. म्हणाला, “तू का सोडलंस?”

मी म्हटलं, मी सोडलं नाही, बाबांनी तुला दिलं. तर तो म्हणाला की असं झालं नव्हतं. अकरा वर्षांचा होता तेव्हा तो. त्याला काय आठवतंय? पण त्याला आठवतं. तो बेसूर वाजवत होता, मी आतून आले आणि बाबांना म्हटलं, एक तर या घरात हा वाजवेल नाही तर मी, असलं ऐकत मी वाजवणार नाही. बाबा म्हणाले, तो लहान आहे, शिकेल, तू थांब जरा. मी पेटी बंद केली आणि किल्ली बाबांच्या हातात ठेवली.

“तुझे वार सोमवार, बुधवार, शुक्रवार होते,” तो म्हणाला. “बुधवार-शुक्रवार बाबांनी मला दिले. पण सोमवारी मी कधी हात लावला नाही. दोन वर्षं. मला वाटायचं, आज येशील.”

सोमवारी चेलो नुसता पडून असायचा, ते मला आठवतं. मला वाटायचं, कार्टं आळशी आहे.

मी शहाणपणाने म्हटलं, तुझं बटर पावाच्या बाहेर गेलंय.

१३ मार्च

आज लिहिण्यासारखं काही नाही. पेटी बंद केली तेव्हा बाबांनी मला थांबवायला हवं होतं. मी थांबले असते. मला वाटलं होतं ते थांबवतील.

२४ मार्च

चार दिवस राहिले. महाविद्यालयाच्या प्राचार्या घरी येऊन गेल्या. अत्तराचा घमघमाट आणि बोलणं साखरेत घोळलेलं. तिन्ही विद्यार्थी कोण ते सांगितलं. तिसरी म्हणे फार गुणी आहे, बावीस वर्षांची, आत्तापर्यंत सात बक्षिसं. प्राचार्यांनी बक्षिसांची नावं घेतली, मुलीचं घ्यायला विसरल्या. मी तिला बक्षीसवाली म्हणेन.

त्या निघताना साहेबांना म्हणाल्या, तुमच्या कानाखालून जाणं हेच तिच्यासाठी आशीर्वादासारखं. तो कृतज्ञतेने हसला. काय बोलल्या ते अर्थात त्याला कळलं नव्हतं.

एक विचार मनात आला, तो लिहून ठेवते. त्या दिवशी मी हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिले तर? बोट हलवायचं नाही. मग चारशे लोकांना कळेल, थोर माणूस म्हणजे काय. आधी बायकोचा खांदा, आता बहिणीचा चष्मा. टाळ्या मात्र याच्या एकट्याच्या. मी काही खोटं करणार नाही, फक्त काही करणार नाही. त्याला मला दोष देता येणार नाही.

विचार बराच वेळ मनात राहिला. चवीला वाईट लागला नाही.

२९ मार्च

काल लिहिलं नाही. रात्री उशिरा घरी आलो आणि पेंगत वेड्यावाकड्या अक्षरात लिहायची मला सवय नाही.

सभागृह भरलं होतं. मला पहिल्या रांगेत कडेची खुर्ची. शेजारी प्राचार्या. मंचावर पियानोवर साथीला एक शिष्ट माणूस, मध्ये विद्यार्थ्याची खुर्ची, आणि तिच्या बाजूला माझा भाऊ, असा की विद्यार्थ्यापलीकडे त्याला मी दिसावी. त्याने काळा कोट घातला होता. इस्त्री मी केली होती. त्याने केलेली कॉलर बघवत नव्हती.

पहिला मुलगा घाबरट. सूर उतरत होते. माझे हात मांडीवर होते. भाऊ माझ्याकडे बघत होता. घाईने नाही, बसची वाट बघावी तसा. मी ठरवलं होतं ते मला आठवत होतं. आणि मुलाने पुन्हा तोच सूर उतरून लावला. कानात खडा जावा तसं झालं मला. समोर चूक आहे आणि बाई गप्प बसली आहे, हे मला आयुष्यात जमलेलं नाही. हात आपोआप चष्म्याकडे गेला. एवढंच. दया वगैरे काही नव्हती.

पहिले दोघं नीट पार पडले. लोक माना डोलावत होते. काय कान आहेत, असं प्राचार्या माझ्या कानात कुजबुजल्या. मी म्हटलं, हो ना.

मग बक्षीसवाली आली. ताठ मान, पाठीवर सरळ केस, प्रेक्षकांकडे बघून अर्धं हसू. वाजवायला लागली आणि मला कबूल करावं लागतं, मुलगी भिकार नव्हती. पण एके ठिकाणी सूर खालून एकदम खूप वर उडी घेतो. तिथे ती वर पोचली ती पलीकडे. चढलेला. फार नाही, पण चढलेला. सभागृहाने श्वास रोखला होता. त्यांना ते फारच आवडलं होतं. मी चष्मा वर केला.

भावाने तिला थांबवलं आणि सांगितलं, वरचा सूर चढतोय, तेवढंच पुन्हा वाजव. तिने वाजवलं. पुन्हा चढलेला. मी चष्मा वर केला. तो म्हणाला, अजून चढतोय.

मुलीने गज खाली घेतला. फार नम्रपणे म्हणाली की हा तुकडा तिने तीन स्पर्धांत असाच वाजवलाय आणि एकाही परीक्षकाला तो चढा वाटला नाही. त्या सुराला जरा चमक हवी म्हणून ती मुद्दाम तसा लावते. पियानोवरचा शिष्ट माणूस मान हलवून तिच्या बाजूने हसला. प्राचार्या खुर्चीत चुळबुळ करू लागल्या. चारशे माणसं म्हाताऱ्याकडे बघत होती.

आणि म्हातारा माझ्याकडे. मी चष्मा वर ढकलला. कपाळात जाईपर्यंत ढकलला.

मग तो उठला. मला वाटलं, तिला ओरडणार. तो प्रेक्षकांकडे वळला आणि अगदी साध्या आवाजात, लिफ्ट बंद आहे असं सांगावं तसा म्हणाला, “मला ऐकू येत नाही. येतं, पण दोन-दोन सूर येतात, त्यातला खरा कुठला ते कळत नाही. सहा वर्षं झाली. आधी माझी बायको मला सांगायची. आज समोर ही चष्मेवाली बसली आहे ना, ती माझी मोठी बहीण, ती सांगते आहे. ती म्हणते चढलाय, म्हणजे चढलाय. ताई, तू सांग तिला.”

पहिल्या रांगेतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. ती काही दुभंगत नाही, हे मी अनेकदा अनुभवलंय. उठले. मंचाच्या पायऱ्या तीन होत्या. त्या मुलीसमोर उभी राहिले आणि म्हटलं, “चमक नाही ती. तुला उडीची भीती वाटते. हुकेल म्हणून तू गरजेपेक्षा जास्त जोर लावतेस आणि पलीकडे जाऊन पडतेस. अंगठा बघ तुझा, केवढा आवळलाय. घाई करू नकोस. तो सूर कुठे पळून जात नाही.”

शेवटचं वाक्य कुठून आलं मला माहीत नाही. मी असं बोलत नाही.

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नववीच्या प्रत्येक हुशार मुलीची मला पाठ आहे. पण तिने अंगठा सैल केला. डोळे मिटले. उडी घेतली. आणि सूर बरोबर तिथे लागला जिथे तो असतो. सभागृहातल्या ठोंब्यांनासुद्धा कळलं. त्यांचा श्वास मला ऐकू आला. भाऊ मात्र मुलीकडे बघत नव्हता. माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. मग म्हणाला, “हां. लागला.”

३० मार्च

वर्तमानपत्रांना पुन्हा रडायला विषय मिळाला. ‘बहिणीच्या कानांनी’ असं एकाने शीर्षक दिलंय. ज्याने दिलं त्याला माझ्या वर्गात बसवलं असतं.

दिवसभर फोन. फोनची घंटा त्याला ऐकू येत नाही, म्हणून सगळे मीच घेतले. सगळ्यांना वाईट वाटतंय. प्राचार्यांनाही फार वाईट वाटलं. इतकं की पुढच्या वर्षीच्या शिकवण्यांबद्दल ‘आता बघू’ म्हणाल्या. त्याला सांगितलं. म्हणाला, चालायचंच. आणि शिट्टी वाजवत आंघोळीला गेला. शिट्टी अर्थातच बेसूर.

माणसाची अब्रू गेली आणि हा शिट्टी वाजवतो. मी विचारलं, सांगितलंस कशाला? चष्मा होता, चाललं होतं. तो म्हणाला, सगळे तिच्या बाजूने होते तरी तू चष्मा सोडला नाहीस म्हणून.

याचा अर्थ काय, ते मी विचारलं नाही.

४ एप्रिल

बक्षीसवाली आज आली. न कळवता, पाठीवर चेलो बांधून, तीन जिने चढून. लिफ्टमध्ये दातवाला अडकला होता. मी दार उघडलं आणि सांगितलं, ते आत आहेत, मोठ्याने बोल. ती म्हणाली, “मी तुमच्याकडे आले आहे.”

मी तिला सांगितलं, मी गणित शिकवते. ती म्हणाली, चालेल. उद्धट आहे मुलगी.

तिने अभ्यासिकेत बसून तोच तुकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवला. भाऊ समोर बसला, तिच्या उजव्या हाताकडे बघत. मी बाजूला, वही-पेन्सिल घेऊन, चुका टिपायला. दोन ओळी टिपल्या. मग काही टिपलं नाही. उडीच्या जागी मी पेन्सिल उचलली आणि तिची गरज लागली नाही. त्यानंतर पेन्सिल कुठे गेली ते मला ठाऊक नाही. नंतर ती खुर्चीखाली सापडली.

तिचं वाजवून झालं. ती आमच्याकडे बघत बसली. भावाने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “कसं झालं?”

“बरोबर झालं,” मी म्हटलं.

“ते तुझ्या हातांवरून कळलं,” तो म्हणाला. “ताई, मला ऐकू आलं नाही. कसं होतं ते सांग.”

गाण्या-बजावण्याबद्दल लोक जे बोलतात ते मी ऐकलेलं आहे. मधाळ, स्वर्गीय, आत्मा, सागर. तोंडाला येईल ते. मी त्याला सांगणार होते की असलं मला येत नाही. पण तो खुर्चीत पुढे झुकून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, एकही सूर हरवायचा नाही असा.

मी म्हटलं, सुरुवात खालच्या तारेवर होती. तिथे ती कुणाशी बोलत नव्हती. घरात एकटीच आहे आणि कपडे घड्या घालते आहे, तशी. मग तिला काहीतरी आठवलं. घडी हातातच राहिली.

“मग?” तो म्हणाला.

मुलगी गज मांडीवर घेऊन ऐकत होती. एवढं बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ, आणि तेही परक्या पोरीसमोर. लाज वाटायला हवी होती.

मग मी त्याला पुढचं सांगितलं.